गळ्यातला बिल्ला आणि दहा दिवसांचा प्रश्न

(आमच्या प्रतिनिधीकडून)

पुणे - सकाळी सहाच्या सुमारास तळजाईच्या किंवा वेताळाच्या टेकडीवर फेरी मारली, की या शहराच्या श्वानप्रेमाचा अंदाज येतो. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पग, बीगल, क्वचित एखादा घामाघूम झालेला हस्की आणि या सगळ्यांच्या मानाने अधिक आनंदी दिसणारी आपली देशी कुत्री. प्रत्येकाच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक पुणेकर. या मंडळींना कुत्र्याचे नाव, वय, आहार, पोटाच्या तक्रारी यांविषयी विचारले तर अर्धा तास सहज जातो. ‘महापालिकेचा परवाना काढला आहे का,’ असा प्रश्न केला, की मात्र बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो. ‘कुत्र्याला परवाना? तो कशाला?’

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कुत्रा घरचा, खर्च घरचा, लस खासगी पशुवैद्यकाकडून घेतलेली. मग यात महापालिकेचा संबंध कोठे आला? परवान्याची सक्ती अनेक दशकांपासून असूनही शहरातील नोंदणीचे वेळोवेळी प्रसिद्ध झालेले आकडे काही हजारांच्या पुढे गेलेले नाहीत. प्रत्यक्षात घरोघरी पाळलेल्या कुत्र्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट असणार, हे सांगायला कोणत्याही सर्वेक्षणाची गरज नाही. आपल्याच इमारतीतील कुत्री मोजावीत आणि त्यांपैकी किती जणांकडे परवाना आहे, ते विचारून पाहावे.

हा विषय प्रस्तुत प्रतिनिधीच्या दारात आला तो गेल्या पावसाळ्यात. आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावरील आठ वर्षांच्या मुलीच्या पोटरीला शेजारच्या घरातील कुत्र्याने चावा घेतला. कुत्रा ओळखीचा, तीन वर्षांपासून इमारतीत वावरणारा, एरवी शांत. फटाक्याच्या आवाजाने बिथरला आणि धावत खाली येणाऱ्या मुलीच्या अंगावर गेला. जखम खोल नव्हती. पण रक्त आले होते.

‘काकू, टायगरला रेबीजची लस दिलेली आहे ना?’ मुलीच्या आईने विचारले.

‘अगं, दिली आहे म्हणजे काय! दर वर्षी देतो. यांनीच नेलं होतं त्याला.’

‘मग तो कागद द्या ना. डॉक्टर विचारतील.’

पुढील दीड तास त्या घरातील कपाटे, फायली आणि टीव्हीखालचे खण उपसले गेले. लसीचे पुस्तक सापडले. पण त्यातील शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. काका ठामपणे म्हणत होते, की त्यानंतरही लस दिली. दवाखाना मात्र बदलला होता आणि त्या नव्या दवाखान्याचे नाव त्यांना आठवत नव्हते. मुलीला तोवर रुग्णालयात नेले होते. तेथे डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुत्रा कोणाचा आहे? दहा दिवस तो नजरेखाली राहील का?’

दहा दिवस कशासाठी?

परवान्याचे प्रयोजन समजून घ्यायचे, तर या ‘दहा दिवसां’पासून सुरुवात करावी लागते. रेबीजचा विषाणू बाधित कुत्र्याच्या मज्जासंस्थेतून लाळेत उतरतो. लाळेत विषाणू येण्याचा काळ आणि कुत्रा उघडपणे आजारी पडण्याचा काळ यांत फार अंतर नसते. चावा घेतला त्या क्षणी ज्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू होता, तो कुत्रा दहा दिवसांच्या आत लक्षणे दाखवतो किंवा मरतो. याचा व्यत्यास महत्त्वाचा. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही, असे वैद्यकशास्त्र मानते.

याचा अर्थ वाट पाहत बसावे, असा मुळीच नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा घेणे, याला पर्याय नाही. कुत्रा घरचा असो वा रस्त्यावरचा, लस टोचलेला असो वा नसो. हळद, तिखट, चुना असले घरगुती लेप जखमेवर लावू नयेत. स्नायूत टोचली जाणारी लस पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा पाच मात्रांत दिली जाते. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत चार दिवसांचे वेळापत्रक असते. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. पूर्वीच्या पिढीने ज्यांची धास्ती घेतली होती, ती पोटात घेण्याची चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनविल्या जाणाऱ्या त्या लसीचे उत्पादन आपल्याकडे या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच बंद झाले. तरीही ‘पोटात चौदा’ ही दहशत अनेकांच्या मनातून गेलेली नाही, आणि तिच्यापोटी आजही काही जण चावा लपवतात.

उपचार चालू असतानाच दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवता आले आणि तो निरोगी राहिला, तर उरलेल्या मात्रांबाबत डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घराची झोप परत येते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे ‘कुत्रा कोणाचा’ या साध्या प्रश्नाला उत्तर असणे आणि नसणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्यांच्या मुलाला चावा बसला त्यांनाच विचारावे. कुत्र्याची नोंद, त्याच्या मालकाचा पत्ता आणि लसीची तारीख एकाच ठिकाणी असणे, हा परवान्याचा खरा अर्थ. बाकी सारे सरकारी सोपस्कार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यांमुळे होतात आणि एखाद्या परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर त्यांच्यातील संसर्गाची साखळी तुटते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. शेजारच्या गोव्याने सातत्याने घरोघरी आणि रस्तोरस्ती लसीकरण करून २०२१ मध्ये स्वतःला ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केले. ७० टक्के हा आकडा ऐकायला सोपा. पण कशाचे ७० टक्के? एकूण कुत्री किती, हेच ठाऊक नसेल तर टक्केवारी काढायची कशी, हा प्रश्न उरतोच.

कायदा काय म्हणतो?

पुणे महापालिकेची स्थापना १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली ती मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याखाली. पुढे या कायद्याचे नाव ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ असे झाले. त्याच्या परिशिष्ट ‘ड’ मधील चौदाव्या प्रकरणातील २२ व्या नियमाचा आधार घेऊन महापालिका पाळीव कुत्र्यांसाठी परवान्याची सक्ती करते. शिवाय याच कायद्याच्या १२७ व्या कलमात महापालिकेला ऐच्छिक म्हणून जे कर बसविता येतात, त्यांत नाट्यगृह कराच्या पंगतीत ‘कुत्र्यांवरील कर’ही बसविलेला आहे, हे फारच थोड्यांना माहीत असेल. परवान्याचे शुल्क हा तो कर नव्हे. पण मिळकतकराच्या देयकात उद्या श्वानकराचा रकाना आला, तर काय गहजब होईल, याची कल्पना पुणेकरांनी स्वतःच करावी.

गळ्यात पट्टा, पट्ट्याला धातूचा बिल्ला आणि बिल्ल्यावर क्रमांक ही कल्पना इंग्रजी अमदानीतून आलेली आहे आणि तिचा उगम फारसा प्रेमळ नाही. बिल्ला म्हणजे कुत्र्याचे अभयपत्र होते. दिल्ली महापालिकेच्या १९५७ च्या कायद्यातील ३९९ वे कलम वाचले, तर हे स्पष्ट होते. नोंदणी नसलेले किंवा बिल्ला नसलेले कुत्रे सार्वजनिक जागी आढळल्यास ते पकडून ठेवावे आणि आठवड्याच्या आत कोणी शुल्क भरून सोडवून नेले नाही, तर त्याची विल्हेवाट लावावी, असा त्याचा आशय. आपल्याकडील मुंबईने तर याच्याही आधीचा काळ पाहिला आहे. तेथे भटकी कुत्री मारणाऱ्यांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस देण्याची पद्धत होती. बक्षिसाच्या लोभाने घरची कुत्रीही उचलली जातात, अशी तक्रार होऊ लागली. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने १८३२ च्या जून महिन्यात कोट भागात त्याविरुद्ध मोठा उठाव केला; दुकाने बंद पडली, दंगल झाली, लष्कर बोलवावे लागले. कोणते कुत्रे कोणाचे, हे न कळण्याची किंमत एका शहराने अशी मोजली होती.

आता चित्र बदलले आहे. भटक्या कुत्र्यांना मारण्यास मनाई आहे. त्यांची नसबंदी करून, लस टोचून त्यांना पुन्हा त्याच भागात सोडावे, हे धोरण २००१ च्या नियमांनी आले आणि २०२३ मध्ये लागू झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ते कायम ठेवले. या नव्या नियमांत एक विभागणी स्वच्छपणे केलेली आहे. रस्त्यावरील प्राण्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची. म्हणजे कुत्रा ‘पाळीव’ आहे की ‘रस्त्यावरचा’, यावर खर्च आणि जबाबदारी कोणाची, हे ठरते. ही रेषा कागदावर आखणारे साधन म्हणजे परवाना. रस्त्यावरील कुत्र्याचा परवाना त्याच्या कानावर असतो. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडलेली असते. पुण्यात २०१८ च्या पाहणीत भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे सव्वातीन लाखांच्या घरात असल्याचा अंदाज होता. २०२३ च्या गणनेत ती सुमारे १ लाख ८० हजारांवर आल्याचे महापालिकेने सांगितले. रस्त्यावरच्या कुत्र्यांची निदान मोजदाद झाली. घरातल्यांची नाही, असा हा उलटा न्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानेही नोंदणीला नवे महत्त्व आले. दिल्ली परिसरातील भटकी कुत्री सरसकट निवाऱ्यांत हलविण्याचा ११ ऑगस्टचा आदेश बदलताना न्यायालयाने नसबंदी व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास परवानगी दिली. रेबीजबाधित आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद केला. त्याच आदेशात, ज्यांना रस्त्यावरील कुत्री दत्तक घ्यायची आहेत त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, कुत्र्याला तशी खूण करून ते त्यांच्या ताब्यात द्यावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्या व्यक्तीवर राहील, असे म्हटले आहे. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याहून कडक भूमिका घेतली होती. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल, तर ती रीतसर दत्तक घ्या आणि महापालिकेत नोंदवा, असा त्या आदेशाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्या भागाला स्थगिती दिली. खाऊ घालणे म्हणजे पाळणे नव्हे. पण एकदा पाळले, की नोंद आलीच.

परवाना काढायचा कसा?

महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील पशुवैद्यकीय विभाग हे काम पाहतो. पूर्वी त्यासाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागत. आता महापालिकेच्या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय आहे. मालकाच्या पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचे छायाचित्र आणि रेबीज प्रतिबंधक लस दिल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे. परवाना एका वर्षाचा असतो आणि दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क अनेक वर्षे कुत्र्यामागे ५० रुपये इतके नाममात्र राहिले आहे. सध्याचा दर अर्ज भरताना पडद्यावर दिसेल तोच प्रमाण मानावा. कोणत्याही दराने पाहिले तरी कुत्र्याच्या एका वेळच्या तयार खाद्याच्या पिशवीपेक्षा तो स्वस्तच पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये महापालिकेने मांजरांसाठीही नोंदणी सक्तीची केली, तेव्हा या शहरात विनोदाला उधाण आले होते. मांजराला परवान्याचे वर्ष संपल्याचे कोण सांगणार, इथपासून ते मांजर कोणाचे हे मांजरच ठरवते, इथपर्यंत. विनोद बाजूला ठेवला, तर मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो, एवढे ध्यानात असावे.

परवाना वार्षिक का, याचे कारणही लसीतच आहे. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची पहिली लस दिली जाते आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्धक मात्रा. आपल्याकडे ती सर्वसाधारणपणे दर वर्षी देतात. लसीचे प्रमाणपत्र ताजे नसेल, तर नूतनीकरण अडते. म्हणजेच परवान्याची तारीख ही लसीची आठवण करून देणारी घंटा आहे. आमच्या इमारतीतील काकांनी परवाना काढलेला असता आणि नियमाने नूतनीकरण केले असते, तर कोणत्या दवाखान्यात लस दिली याचा शोध घेण्याची वेळ आली नसती. किंवा लस दिलीच नव्हती, हे निदान त्यांच्या वेळीच लक्षात आले असते.

पिल्लू विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ नुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि विकण्यापूर्वी त्याच्या शरीरात मायक्रोचिप बसवावी लागते. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळच्या कातडीखाली टोचली जाते आणि वाचक यंत्र जवळ नेले की तिच्यातील क्रमांक दिसतो. ती कुत्रे कोठे आहे हे सांगत नाही; अनेकांचा हा गैरसमज आहे. तिच्यात फक्त क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कोणाच्या तरी नोंदवहीत मालकाच्या नावाशी जोडलेला नसेल, तर तिचा उपयोग शून्य. परदेशी बदली झालेल्या आणि कुत्रा सोबत नेऊ पाहणाऱ्या आयटी मंडळींना हे उशिरा कळते. अनेक देश चिप बसविल्यानंतर दिलेली लसच ग्राह्य धरतात. त्यामुळे चिपेआधीची सारी टोचणी पुन्हा करावी लागते.

हद्द कोणती?

पुण्यात कोणताही सरकारी कागद काढायचा, तर पहिला प्रश्न हद्दीचा येतो. लष्कर भागात किंवा खडकीत राहणाऱ्यांसाठी कँटोन्मेंट बोर्डाचा कायदा वेगळा आहे आणि त्यातही कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. सांगवी, वाकड, पिंपळे सौदागर येथील रहिवाशांनी पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे जायचे. पत्त्यात ‘पुणे’ असले म्हणून अर्ज पुणे महापालिकेचाच, असे नाही.

याहून गुंतागुंतीची स्थिती नव्या हद्दीची. महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये लोहगाव, धायरी, उंड्री, आंबेगाव, शिवणे, उत्तमनगर आदी ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, खडकवासला, किरकटवाडी, नांदेड आदी २३ गावे. त्या समावेशाने पुणे ही क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली; तेथील श्वानमालकांचा संबंध आता त्या नगर परिषदेशी.

या गावांतील कुत्रा ही एक वेगळीच जात आहे, आणि ती पैदाशीची नव्हे, नात्याची. सदाशिव पेठेतील सदनिकेत कुत्रा एकतर घरातला असतो किंवा घरातला नसतो. गावाकडे तसे नसते. मळ्यावर राखणीला असलेला मोत्या मालकाच्या घरची भाकरी खातो, गोठ्यापाशी झोपतो, परक्या माणसावर भुंकतो. पण त्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि दिवसभर तो शिवारात हिंडतो. मेंढपाळाच्या कळपाबरोबर चालणारी कुत्री तर मुक्कामागणिक हद्द बदलतात. ‘तुमचे कुत्रे का?’ असे विचारले, की राखणीच्या वेळी उत्तर ‘आमचेच’ असते आणि कोणाला चावल्यावर ‘छे, ते असेच इथे फिरत असते.’ ग्रामपंचायतीच्या काळात घरपट्टी, पाणीपट्टी भरली की संबंध संपला. कुत्र्यासाठी कागद करावा लागतो, हे कोणाला सुचलेही नसते. आता त्याच मळ्यांच्या जागी बारा मजली संकुले उभी राहिली. मळेवाल्याचा मोत्या संकुलाच्या फाटकाशी बसू लागला आणि संकुलातील लोक त्याला भटका समजून तक्रारी करू लागले. खरे तर रेबीज नियंत्रणाच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा कुत्रा हाच. पाळीव म्हणून मालक लस देत नाही, आणि भटका म्हणून महापालिकेच्या गाडीच्या हाती तो लागत नाही, कारण गाडी आली की मालक येऊन ‘आमचे आहे’ म्हणतो. वाघोली किंवा मांजरीत घरोघरी जाऊन अशा कुत्र्यांची नोंद आणि लस एकाच फेरीत केली, तर संकेतस्थळावरील अर्जांपेक्षा ते काम अधिक मोलाचे ठरेल, असे या प्रतिनिधीला वाटते. मळ्यावरचा शेतकरी मोत्याचे छायाचित्र काढून अर्ज भरील, ही अपेक्षा फार झाली.

परवाना म्हणजे काय नव्हे

सहकारी गृहरचना संस्थांच्या वार्षिक सभांत कुत्र्यांचा विषय वाहनतळाच्या खालोखाल तापतो. ‘परवाना नाही, म्हणून कुत्रा काढा’ असे एक बाजू म्हणते, ‘परवाना आहे, म्हणून कोठेही फिरवणार’ असे दुसरी. दोन्ही बाजू चुकतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सभासदांच्या बहुमतानेही संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. कुत्र्याचा आकार किंवा जात पाहून भेद करता येत नाही. लिफ्ट वापरण्यास सरसकट मनाई करता येत नाही. मात्र त्याच सूचनांत मालकांनी सार्वजनिक जागेत कुत्रा साखळीला बांधून न्यावा, त्याची घाण स्वतः उचलावी आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे पाहावे, असेही सांगितले आहे. पहिल्या अर्ध्या भागाची छायाप्रत पुष्कळ इमारतींच्या फलकांवर दिसते. उरलेला अर्धा भाग वाचलेले लोक कमी भेटतात. परवान्याने यांतील कोणताही हक्क वाढत नाही किंवा कमी होत नाही. तो नसेल, तर मालकाने महापालिकेचा नियम मोडला, एवढेच. त्यावर कारवाई महापालिका करील, संस्थेची कार्यकारिणी नव्हे.

कुत्रा चावला, तर परवाना मालकाची सुटकाही करीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका पोचू नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हा दंड हजार रुपये होता. दुसरीकडे, प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात एक तरतूद अशी आहे, की कुत्र्याला सतत बांधून किंवा कोंडून ठेवून त्याला पुरेसे फिरवले नाही, तर तोही गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठीच्या दशकातील हा आकडा आजही तसाच आहे. गॅलरीत दिवसभर साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याचे भुंकणे ज्यांना ऐकावे लागते, त्यांना ही तरतूद माहीत नसते, आणि दंडाची रक्कम पाहिल्यावर माहीत होऊनही उपयोग नसतो.

जातीवरून बंदीचाही एक घोळ मध्यंतरी झाला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळविले. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्ये ते पत्र रद्द केले. त्या काळात अनेकांनी घाबरून कुत्री सोडून दिल्याच्या बातम्या आल्या. सोडून देणे हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे.

परदेशांत याबाबत एकच रीत आहे, असे नाही. ब्रिटनने कुत्र्याचा वार्षिक परवाना १९८७ मध्ये रद्द केला. तेव्हा त्याचे शुल्क ३७ पेन्स होते आणि वसुलीचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. पुढे २०१६ पासून तेथे मायक्रोचिप सक्तीची झाली. आयर्लंडमध्ये ग्रामीण परगण्यांतही स्थानिक परिषदेचा परवाना आजही लागतो; वर्षाला २० युरो किंवा कुत्र्याच्या आयुष्यभरासाठी एकदाच १४० युरो. जर्मनीत नगरपालिका सरळ कर घेतात आणि तो लोक भरतात. कॅनडातील कॅल्गरी शहरात हरवलेला नोंदणीकृत कुत्रा सापडला, तर त्याला कोंडवाड्याऐवजी थेट घरी पोचविण्याचा प्रयत्न केला जातो. पुण्यात परवाना काढणाऱ्याला काय मिळते? एक कागद. दिवाळीच्या रात्री फटाक्यांना घाबरून पळालेली किती कुत्री दर वर्षी या शहरात हरवतात, हे पशुवैद्यकांच्या दवाखान्यांबाहेरील फलक वाचले की कळते. त्यांपैकी एखादे जरी महापालिकेच्या नोंदवहीतील क्रमांकावरून घरी परतले, तर पुढील वर्षी परवान्यासाठी जाहिरात करावी लागणार नाही.

आमच्या इमारतीतील मुलीला सर्व इंजेक्शने घ्यावी लागली, कारण कागदाअभावी डॉक्टरांनी कोणताही धोका पत्करला नाही. टायगर दहा दिवस घरात होता. रोज सकाळी मुलीचे वडील कामावर जाण्यापूर्वी त्या घराची घंटा वाजवीत. ‘काका, आज खाल्लं का त्यानं? पाणी पितो आहे ना?’ एवढेच विचारून ते निघत. सातव्या दिवशी पावसात भिजल्यामुळे टायगरने जेवण टाकले, तेव्हा दोन्ही घरांत त्या रात्री कोणी झोपले नाही. अकराव्या दिवशी काकू पेढे घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. पुढच्या आठवड्यात काकांनी नव्याने लस टोचून घेतली आणि भाच्याकडून परवान्याचा अर्ज भरून घेतला. परवाना क्रमांक आणि दूरध्वनी कोरलेला पितळी बिल्लाही त्यांनी बोहरी आळीतून करून आणला. तो सध्या त्यांच्या दाराआडच्या किल्ल्यांच्या फळीवर टांगलेला असतो. गळ्यात घातला, की टायगर तो चावतो म्हणे.